पूर यायच्या आधी पूर खेळून बघा: सिम्युलेशन आणि एआय वापरून आपत्तीची टीम कशी तयार करायची (सोलापूरवाल्यांसाठी)

सोलापूर म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात दुष्काळ. टँकर, चारा छावणी, पाण्याच्या पाळ्या यात आपली यंत्रणा तरबेज आहे, पण सप्टेंबर २०२५ ला सीना नदीनं जे दाखवलं, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, वडकबाळकडनं विजापूर रोड बंद, माढा-मोहोळची गावं पाण्यात, त्याची सवय इथं कुणालाच नव्हती. आणि सवय ही पीपीटी बघून लागत नाही. पावसाळ्याआधी हॉलमध्ये एक ट्रेनिंग होतं, स्लाइड फिरतात, चहा-बिस्किट होतं, हजेरीवर सही होते आणि सगळे घरी. त्यातला किती भाग रात्री दोन वाजता फोन आल्यावर आठवतो ते ज्याचं त्यानं बघावं.

म्हणून हा लेख. तहसील, महापालिका, ग्रामपंचायत, एमआयडीसीतले सेफ्टीवाले, कॉलेजचे एनएसएसवाले सर, आपदा मित्र (आपत्तीत मदतीचं ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक), ज्यांच्यावर वेळ आल्यावर निर्णय घ्यायची पाळी येते किंवा जे अशा लोकांचा सराव घेतात, त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, सिम्युलेशन म्हणजे डोळ्याला व्हीआर चष्मा लावून थ्रीडी आग विझवणं नव्हे. ते असतं, चांगलंही असतं, फायरमनला नोझल कसा धरायचा हे शिकवायला उपयोगी पडतं. पण मॅनेजरचं काम नोझल धरणं नाही ना. त्याचं काम म्हणजे अर्धवट माहितीवर, चार फोन एकदम वाजत असताना, दोन बोटी आणि पाच गावं यांचं गणित घालणं. त्या गणिताचा सराव एक टेबल, एक नकाशा आणि काही चिठ्ठ्यांवर (एक चिठ्ठी म्हणजे सरावातली एक घटना) होतो, आणि एआय लागतं ते त्या चिठ्ठ्यांपुरतं आणि नोंदींपुरतं. टेबल आधी, एआय नंतर. हा क्रम उलटा केला की नुसता डेमो होतो, फोटो छान येतात.

आधी एकच प्रश्न ठरवा

"पुराचा सराव घेऊया" हा प्रश्न नाही. प्रश्न असा पाहिजे: धरणातनं विसर्ग वाढणार असा मेसेज आला तर नदीकाठच्या शेवटच्या वस्तीपर्यंत तो किती वेळात पोचतो आणि पोचला हे आपल्याला कसं कळतं? किंवा हायवे बंद पडला तर सिव्हिल हॉस्पिटलकडं यायच्या ॲम्ब्युलन्सचा रस्ता कोण ठरवणार? एका सरावात असे एक किंवा दोन प्रश्न, बास. जास्त घेतले की दिवसाच्या शेवटी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर हातात नसतं.

प्रश्न सुचत नसेल तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास उघडा. १४ ऑक्टोबर २०२० ला अतिवृष्टीत पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून ६ जण गेले. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागून ८ जण गेले. १९९३ चा किल्लारीचा भूकंप तर जवळच्याच लातूर जिल्ह्यातला. या प्रत्येकात "त्या वेळी त्या खुर्चीत मी असतो तर पहिल्या अर्ध्या तासात काय केलं असतं" हा प्रश्न तयारच आहे.

खुर्च्या कोणाच्या

आपल्याकडं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, २०१० मध्ये दिलेली इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम म्हणजे आयआरएस आहे. त्यात एक इन्सिडंट कमांडर, त्याच्या हाताखाली ऑपरेशन्स, प्लॅनिंग आणि लॉजिस्टिक्स असे तीन सेक्शन, शिवाय माहिती-मीडिया, समन्वय आणि सेफ्टी बघणारे तीन अधिकारी. सरावाला याच खुर्च्या मांडा, नवीन काही शोधून काढू नका, कारण खऱ्या वेळेला हीच रचना लागू होणार.

८ ते १२ जण पुरे. बाकीचे येणारच बघायला, त्यांना मागं बसवा आणि निरीक्षक करा. आणि एक नाजूक विषय: मोठे साहेब. कलेक्टर किंवा प्रांत टेबलावर असले की सगळ्यांच्या माना तिकडंच वळतात, निर्णय एकटेच घेतात, बाकीचे "हो सर". म्हणून साहेबांना आधी विश्वासात घ्या आणि सराव सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला चिठ्ठी टाका की साहेब व्हीसीवर (व्हिडिओ मीटिंगमध्ये) आहेत, फोन लागत नाही, पुढचा दीड तास निर्णय तुमचा. खालच्या माणसाला आपल्या अधिकारात काय काय बसतं हे माहीत आहे की नाही, ते त्या दीड तासात कळतं.

नकाशा आणि पाणी

इथं टेक्निकल मंडळी लगेच वाहवत जातात. एचईसी-रास नावाचं पुराचं मॉडेलिंग करायचं सॉफ्टवेअर अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर्स कोअरनं फुकट दिलंय, नकाशासाठी क्यूजीआयएस पण फुकट, इस्रोच्या भुवन पोर्टलवर उंचीचा डेटा मिळतो. इंजिनिअरिंग कॉलेजची सिव्हिलची पोरं प्रोजेक्ट म्हणून हे करू शकतात आणि करावंच. पण एक लक्षात घ्या, फुकट मिळणारा उंचीचा डेटा साधारण ३० मीटरच्या चौकोनाचा असतो, त्यात ओढ्यावरचा छोटा पूल, रस्त्याचा भराव, शेताचा बांध काही दिसत नाही. आणि गावात पाणी शिरायचं की नाही हे बऱ्याचदा त्या भरावावरच ठरतं. त्यामुळं मॉडेलनं रंगवलेला निळा पट्टा घेऊन गावात जा आणि पोलीस पाटलाला, कोतवालाला, एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, "तात्या, मागच्या वेळी पाणी कुठवर आलतं?" ते ज्या भिंतीवर बोट ठेवतील तिथं नकाशावर टिंब करा. जलसंपदाची पूररेषा असेल तर तीही टाका, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची.

कॉम्प्युटरवाला कुणीच नसेल तरी अडत नाही. तालुक्याचा मोठा प्रिंट काढा, वर प्लास्टिक पेपर टाका, मार्कर घ्या.

आपल्या नद्यांचं गणित मात्र सराव घेणाऱ्याला पाठ पाहिजे. उजनी धरणाच्या खाली नरसिंहपूरला नीरा येऊन भीमेला मिळते, त्यामुळं पंढरपूरला चंद्रभागेत किती पाणी येणार हे नुसतं उजनीच्या विसर्गावर ठरत नाही, वीर धरणातनं नीरेत किती सोडलंय तेही धरावं लागतं. सीनेचं तर अजून वेगळं, पाऊस पडतो अहिल्यानगर, बीड, धाराशिवला आणि पाणी चढतं माढा-मोहोळला, वर ऊन पडलेलं असताना खाली पूर येऊ शकतो. मग तीच सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, म्हणजे भीमा तुंबलेली असेल तर सीनेचं पाणीही लवकर उतरत नाही. हे सगळं चिठ्ठ्यांत आलं पाहिजे. आणि युनिटचा घोळ नको: १ लाख क्युसेक पाणी २४ तास सुटलं तर ८.६४ टीएमसी होतं. ही आकडेमोड एक्सेलमध्ये करून ठेवा. एआयला विचारू नका, कारण ते ठामपणे उत्तर देतं आणि कधीतरी एखादं शून्य इकडचं तिकडं करतं.

चिठ्ठ्या लिहिणं (खरं काम इथं आहे)

सरावातली प्रत्येक घटना एक चिठ्ठी, फॉर्मल भाषेत इंजेक्ट. चिठ्ठीवर चार गोष्टी: किती वाजता टाकायची, कोणाला, कुठल्या मार्गानं (फोन, व्हॉट्सॲप, वायरलेस, का कुणीतरी धावत येऊन सांगणार), आणि त्यावर काय व्हायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. शेवटची ओळ फक्त सराव घेणाऱ्याकडं. तीन तासांच्या सरावाला २५-३० चिठ्ठ्या लागतात. त्या सगळ्या हातानं लिहायच्या म्हणजे दोन-चार रात्री गेल्या, आणि लिहिणारा एकच असला की सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच डोक्यातल्या, टीमला त्याचा पॅटर्न लगेच कळतो. एआय इथं खरोखर कामाला येतं.

फक्त "पुराचा सिनारिओ लिहून दे" असं म्हणू नका. तसं म्हटलं की सगळं गुळगुळीत येतं, सरपंच पण शुद्ध पुस्तकी मराठीत "कृपया तातडीने मदत करावी" म्हणतो. आधी काय द्यायचं ते असं:

"आम्ही पुराचा टेबलटॉप सराव घेतोय. गाव काल्पनिक आहे, नाव सीनावाडी, नदीकाठी, तीन वस्त्या, एक शाळा उंचावर, एक पूल. दोन बोटी आहेत, एक पंक्चर. सरावाचा प्रश्न: इशारा शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो का. आता दुपारी ४ ते रात्री १० अशा वेळेच्या १५ घटना दे. त्यातल्या चार घटना एकमेकांशी विसंगत माहितीच्या असू देत, तीन बिनमहत्त्वाच्या पण आरडाओरडा जास्त अशा, आणि दोन अशा की ज्या कुणी विचारलंच नाही तर कळणारच नाहीत. धरणाचे आकडे, फोन नंबर, अधिकाऱ्यांची नावं तू बनवू नकोस, तिथं रिकामी जागा सोड."

शेवटचं वाक्य विसरू नका. एआय न विचारता कंट्रोल रूमचा नंबर सुद्धा बनवून देतं आणि तो एकदम खरा वाटतो. १०८, ११२ किंवा जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७, असले नंबर आपणच हातानं भरायचे.

आलेल्या पंधरातनं पाच-सहा कचरा निघतात, खुशाल टाकून द्या. उरलेल्यांना आपल्या मातीत आणा. कुठली चिठ्ठी चांगली हे ओळखायचं सोपं आहे: ती आल्यावर टेबलावर दोघांचं मत वेगळं पडलं पाहिजे. "पूल पाण्याखाली गेला" ही बातमी झाली. "पूल पाण्याखाली जायला वीतभर बाकी आहे, पलीकडनं उसाचे चार ट्रॅक्टर आणि एक लग्नाची ट्रॅव्हल्स उभी आहे, पोलीस एकटाच आहे आणि विचारतोय सोडू का" ही चिठ्ठी.

विसंगत माहिती कशी असावी? धरणावरचा मेसेज म्हणतो विसर्ग कमी केला. त्याच वेळी भाऊसाहेब, म्हणजे गावचा तलाठी, फोन करतो की पाणी वाढतंय. दोघंही खरं बोलतायत, कारण सोडलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो आणि मधे ओढ्यांचं पाणी मिळतं. टीमला हे उमगतं का, का भाऊसाहेबाला "वर कमी झालंय, घाबरू नका" म्हणून गप्प बसवतात, यावर अख्खा सराव वसूल होतो.

फोनवरचा माणूस

चिठ्ठ्यांपेक्षा अवघड भाग फोनचा. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला घाबरलेल्या माणसाकडनं ठिकाण काढून घ्यायला शिकवायचं असेल तर समोर घाबरलेला माणूस पाहिजे. एआयला ते पात्र द्या, आणि पात्राला नियम द्या: पत्ता पहिल्या प्रश्नात सांगायचा नाही, आवाज चढवायचा, समोरच्यानं नीट खुणा विचारल्या तरच सांगायचं.

"ओ साहेब, पाणी पार उंबऱ्याला लागलंय, आमची म्हातारी खाटंवर हाय, उठता येत नाही तिला, या की लवकर!"
"मावशी, पाठवतो माणसं. वस्ती कुठली तुमची? जवळ शाळा, देऊळ, डीपी काय दिसतंय?"
"कसली शाळा ओ, सगळं पाणीच हाय हितं!"

आता इथनं पुढं त्यानं कसं काढून घ्यायचं हा सराव. टाइप करून घेतला तरी चालतो, पण माझ्या मते एआयनं दिलेला संवाद एखाद्या कॉलेजच्या पोरीनं किंवा आपदा मित्रानं शेजारच्या खोलीतनं फोन करून बोलला तर दहापट बरं. मशीनचा आवाज ओळखू येतो आणि समोरचा रिलॅक्स होतो.

सोलापुरात अजून एक गंमत आहे जी बाहेरच्या कुठल्याही रेडिमेड सिम्युलेशनमध्ये मिळणार नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडनं फोन कन्नडमध्ये येऊ शकतो, पूर्व भागातनं तेलुगूत, शहरात उर्दू-हिंदीत. "नीरु बंतु" (पाणी आलं) एवढंच दोनदा ओरडून फोन कट झाला तर तुमच्या शिफ्टला ते कळणारं कोण आहे? एआयकडनं कन्नड, तेलुगू संवाद लिहून घ्या पण ते बोलणाऱ्या माणसाकडनं तपासून घ्या, कारण मराठीसारखंच तिथंही ते पुस्तकी लिहितं.

खेळवायचं कसं

प्रत्येक मेसेजच्या, प्रत्येक फोनच्या सुरुवातीला "सराव, सराव, सराव" म्हणायचं. यात सूट नाही. खोटा इशारा पसरवणं हा आपत्ती कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि तुमच्या सरावातला स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर गेला तर तो सराव होता हे कुणी वाचत बसत नाही. त्याच कारणानं एआयनं बनवलेले पुराचे फोटो मोबाईलवर पाठवू नका, प्रोजेक्टरवर दाखवा, त्यावर मोठ्या अक्षरात "सराव" लिहा, आणि संपल्यावर डिलीट. गावाचं नाव काल्पनिक ठेवायचं कारणही हेच.

सुरुवात हळू. पहिल्या अर्ध्या तासात चार-पाच चिठ्ठ्या, मग वेग वाढवा, एका टप्प्यावर दहा मिनिटांत पाच टाका आणि काय सुटतं ते बघा. वेळ पुढं ढकलायची असेल तर स्पष्ट सांगा, "आता रात्रीचे नऊ वाजलेत, लाइट गेली". आणि हॉलची लाइट खरंच बंद करा. मोबाईल टॉर्चवर नकाशा वाचताना माणसं बदलतात.

टीम अपेक्षेपेक्षा वेगळं वागली तर चिठ्ठ्या बदलाव्या लागतात, तिथं लॅपटॉप घेऊन एक जण बाजूला बसवा. त्यांनी घेतलेला निर्णय एआयला सांगायचा आणि पुढच्या दोन-तीन संभाव्य घटना मागायच्या, त्यातली एक अनुभवी माणसानं निवडायची. निवडणारा माणूसच पाहिजे. हॉलमध्ये नेट जाऊ शकतं म्हणून दहा चिठ्ठ्या छापून खिशात ठेवा.

एक राऊंड मुद्दाम वेगळा घ्या. टीमला सांगा, आता तुमच्याकडं एआय सल्लागार आहे, विचारा त्याला काय विचारायचं ते. आणि तीन सल्ल्यांतला एक चुकीचा पेरा, पण छान भाषेत, आकड्यांसकट. उदाहरणार्थ, लोकांना ज्या शाळेत हलवायला सांगतो ती नकाशावर निळ्या रेषेच्या आत आहे. कोण नकाशा बघतं आणि कोण सरळ आदेश काढतं? उद्या खरोखर असली टूल्स कंट्रोल रूममध्ये येणार आहेत, हवामानाच्या अंदाजात तर आलीच आहेत, युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ केंद्रानं २०२५ मध्ये आपलं एआय मॉडेल रोजच्या कामात घेतलं. तेव्हा स्क्रीनवर आलं म्हणून खरं धरायची सवय आत्ताच मोडलेली बरी.

नोंदी

निरीक्षकांना मतं लिहायला सांगू नका, वेळा लिहायला सांगा. चिठ्ठी पडली कधी, कुणाच्या लक्षात आली कधी, निर्णय झाला कधी, संबंधिताला पोचला कधी, आणि पोचल्याचं परत कळलं कधी. बहुतेक गळती शेवटच्या दोन रकान्यात असते. निर्णय होतो, ग्रुपवर टाकला जातो, दोन निळ्या टिका आल्या की सांगितलं असं समजतात.

रेकॉर्डिंग करत असाल तर परवानगी घेऊन करा. एआय त्याचं टंकलेखन करून देतं, टाइमलाइन लावून देतं, दोन निरीक्षकांच्या नोंदीतला फरक दाखवतं. तेवढंच करून घ्या. "टीमला दहापैकी किती मार्क?" हे त्याला विचारू नका. ते देईलही, पण टेबलावर कुणी का गप्प बसलं हे त्याला कळत नाही. आणि खऱ्या लोकांची नावं, नंबर, आजारी-दिव्यांगांच्या याद्या, पाणीपुरवठ्याचे आणि सबस्टेशनचे नकाशे बाहेरच्या एआय टूलमध्ये टाकायचेच नाहीत. नावाऐवजी "लॉजिस्टिक्स-१" असं लिहा.

संपल्यावर लगेच, चहाच्या आधी, अर्धा तास गोल बसा. आधी ज्युनिअर बोलतील, साहेब शेवटी. कुणाची चूक हे नाही, कुठं अडलं एवढंच.

वारी आणि आग, थोडक्यात

गर्दीसाठी नेटलोगो नावाचं फुकट टूल आहे, त्यात ठिपक्यांची माणसं सोडून दरवाजा अरुंद केला, एक रस्ता बंद केला तर कुठं तुंबतं ते दिसतं. पंढरपूरच्या घाटांसाठी, सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वज मार्गासाठी करून बघण्यासारखं आहे. आकडा एकच ध्यानात ठेवा: एका चौरस मीटरात ४ माणसांपर्यंत ठीक, ५-६ च्या पुढं गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलत नाही, गर्दीच त्याला हलवते. त्यामुळं चिठ्ठी चेंगराचेंगरीची लिहू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. चिठ्ठी त्याच्या वीस मिनिटं आधीची लिहा.

एमआयडीसीच्या सरावात वेळ पहाटेची घ्या. दिवसा दुपारी सगळे हजर असताना आग विझवणं सगळ्यांना जमतं. आवारात झोपलेले किती, गेटची चावी कुणाकडं, हे फायर ब्रिगेडला फोनवर सांगणारं कुणी आहे का, एवढ्या तीन प्रश्नांवर एक तास जातो.

नंतरचं

अमेरिकेत लुइझियानात जुलै २००४ मध्ये हरिकेन पॅम नावाच्या काल्पनिक वादळाचा पाच दिवस सराव झाला होता. न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली जाईल, ज्यांच्याकडं गाडी नाही ते मागं राहतील, सगळं त्यात निघालं होतं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कतरिना आलं आणि तेव्हा त्यातली बरीच कामं कागदावरच होती. म्हणून सराव संपल्यावर लांब रिपोर्ट नको, एक पान करा. अडलेल्या गोष्टी पाच, प्रत्येकीपुढं एकाच पदाचं नाव (सर्व संबंधित असं लिहिलं की झालंच), तारीख, आणि पैसे लागणार असतील तर कुठल्या हेडमधनं.

तारीख मेचा पहिला आठवडा धरा, म्हणजे बोट दुरुस्ती, सायरन, याद्या याला महिना मिळतो. दुसरा छोटा सराव ऑगस्टअखेर, धरणं भरत आलेली असताना, त्याच पाच गोष्टींवर, दीड तासाचा. त्या वेळी चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाकडनं तरी लिहून घ्या, आणि मेमध्ये ज्यानं खेळवलं त्याला टेबलावर लॉजिस्टिक्सच्या खुर्चीत बसवा.